लिनक्सवर एफ२ दाबलं की उजेड वाढतो! फंक्शनची बटणं मूळ कामाला कशी लावायची?

अक्षरवेडी
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात नवा बिनतारी कीबोर्ड घेतला. टायपिंगला फार सुखाचा आहे, पण वरच्या रांगेने जीव नकोसा केलाय. एफ२ दाबलं की स्क्रीनचा उजेड वाढतो, एफ१० दाबलं की आवाज बंद होतो. माझं दिवसभराचं काम कॅल्कमधल्या (लिबरऑफिसचं स्प्रेडशीट) हिशोबांचं. सेल दुरुस्त करायला एफ२, सूत्रातला पत्ता पक्का करायला एफ४, ही बोटांची कित्येक वर्षांची सवय. आता दर वेळी दुसरा हात खाली एफएनवर न्यावा लागतो. दिवसातून दोनेकशे वेळा. संध्याकाळी करंगळी ठणकते, हे अजिबात वाढवून सांगत नाहीये.

लिनक्सवर ही रांग कायमची उलटवता येते का? म्हणजे नुसतं दाबलं की एफ२, आणि एफएनसोबत दाबलं की उजेड. आणि तुम्ही सगळे ती कशी ठेवता, तेही सांगा.

रातकिडा
सोपं आहे. मशीन चालू होताना बायोसमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधीचं मशीनचं स्वतःचं सेटिंग) जा. एचपीमध्ये त्याला ॲक्शन कीज मोड म्हणतात, लेनोव्होमध्ये हॉटकी मोड. तो बंद करा, जतन करा, बाहेर या. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबूनही हेच होतं, एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप छापलेलं असेल तर नक्कीच.

अक्षरवेडी
@रातकिडा, आभार. दोन्ही करून झालं. बायोसमधला बदल लागू झाला, पण लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डला! तो आता शहाण्यासारखा वागतोय आणि नवा तसाच अडून बसलाय. एफएन-एस्केपने त्याच्यावर काही होत नाही. कडेला एक छोटा स्विच आहे, त्याने फक्त ऑल्ट आणि सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) यांच्या जागा बदलतात.

मंद्रसप्तक
मला ही रांग आहे तशीच आवडते. मी ध्वनिसंपादन करतो. आवाज कमी-जास्त, थांबवा-चालू, मागचं-पुढचं, हे मिनिटाला लागतं. एफ७ मला महिन्यातून एकदाही लागत नाही. बहुतेक लोकांचं असंच असणार, म्हणून तर कीबोर्ड तसे येतात. थोडी सवय करून बघा, सगळं उलटवायची घाई नको.

टिंबटिंब
अक्षरवेडी, बायोसचा उपाय म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी झालं. रातकिडा यांची चूक नाही, लॅपटॉपच्या कीबोर्डला तो अगदी बरोबर आहे. पण बाहेरून जोडलेल्या कीबोर्डचं बायोसला काही देणंघेणं नसतं.

काहीही बदलण्याआधी एक गोष्ट शोधायला हवी: एफ२ चा उजेड नेमका *कोण* करतंय? तीन जागा संभवतात.

एक, कीबोर्डच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्याच्यातच भरलेला प्रोग्राम. लॅपटॉपमध्ये हे काम एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप करते. बहुतेक लॅपटॉपवर एफएन दाबल्याचं लिनक्सला कळतही नाही. चिप ते आतल्या आत बघते आणि एफ२ पाठवायचं की उजेड, हे ठरवून तेवढंच पुढे ढकलते. अशा वेळी उपाय बायोसमध्ये किंवा त्या कीबोर्डच्याच एखाद्या जोडबटणात.

दोन, कर्नलमधला (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ड्रायव्हर. काही कीबोर्ड एफएन आणि एफ२ दोन्ही जसेच्या तसे पाठवतात आणि अर्थ लावायचं काम ड्रायव्हरवर सोडतात. मग उपाय ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये.

तीन, डेस्कटॉप. कधीतरी कुणीतरी एफ२ ला शॉर्टकट लावून ठेवलेला असतो आणि आपण विसरलेलो असतो. मग सेटिंग्जमधली शॉर्टकटची यादी बघायची.

ओळखायला ईव्हीटेस्ट नावाची छोटी आज्ञावली बसवा. सुडोने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा, यादीतून नवा कीबोर्ड निवडा, मग नुसतं एफ२ आणि नंतर एफएनसह एफ२ दाबा. काय उमटतं ते इथे टाका. शिवाय एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवून त्यात हा कीबोर्ड कोणत्या नावाने दिसतो तेही सांगा.

कंसात
ईव्हीटेस्ट चालवताना त्या खिडकीत पासवर्ड टाइप करू नका. प्रत्येक बटण पडद्यावर उमटतं, आणि लोक ते जसंच्या तसं धाग्यावर चिकटवतात.

अक्षरवेडी
बघितलं. यादीत त्याच्या दोन-तीन नोंदी होत्या, दुसरीवर बटणं उमटली.
नुसतं एफ२: कोड २२५, ब्राइटनेस अप.
एफएनसह: कोड ६०, एफ२.
आणि गंमत बघा, एलएसयूएसबीत वायरने जोडल्यावर ॲपल असं दिसतंय, क्रमांक ०५एसीने सुरू होतो. पण हा कीबोर्ड ॲपलचा नाही! वेगळ्याच कंपनीचा आहे.

टिंबटिंब
मग सापडला. जागा दुसरी, कर्नलचा ड्रायव्हर.

०५एसी हा यूएसबीच्या जगात ॲपलचा विक्रेता-क्रमांक. मॅकवर सगळं आपोआप चालावं म्हणून काही कीबोर्ड स्वतःची ओळख ॲपल अशीच सांगतात. लिनक्स ती खरी मानतं आणि एचआयडी-ॲपल नावाचा ड्रायव्हर त्याला जोडतं. त्या ड्रायव्हरमध्ये एफएनमोड नावाचं एक सेटिंग आहे:

० म्हणजे एफएनचा खेळच बंद, वरची रांग कायम एफ१ ते एफ१२.
१ म्हणजे आधी आवाज-उजेड, एफएनसह एफची बटणं.
२ म्हणजे आधी एफची बटणं, एफएनसह आवाज-उजेड.
३ म्हणजे ड्रायव्हरने कीबोर्ड ओळखून स्वतः ठरवायचं.

तुम्हाला २ हवाय. जुन्या कर्नलमध्ये मुळात १ असायचा, नव्यांत ३ असतो. सध्याचा आकडा बघायचा तर स्लॅश सिस, त्यात मॉड्यूल, त्यात एचआयडी अंडरस्कोर ॲपल, त्यात पॅरामीटर्स, त्यात एफएनमोड ही फाइल कॅट या आज्ञेने उघडून बघा. (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन लिपी, सगळी अक्षरं लहान.) त्याच फाइलमध्ये २ लिहिलात की बदल त्या क्षणी लागू होतो. कीबोर्ड काढून लावायचीही गरज नाही.

अक्षरवेडी
फाइल सापडली, आत १ आहे! पण सुडो एको २ करून मोठ्या बाणाने त्या फाइलमध्ये पाठवलं तर "परवानगी नाही" म्हणतंय. सुडो लावूनसुद्धा?

कंसात
इथे प्रत्येक जण एकदा तरी अडकतो. सुडोचे अधिकार फक्त एकोला मिळतात. बाणापुढची फाइल मात्र तुमचं शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उघडतं, आणि शेल तुमच्याच साध्या अधिकाराने चालतंय. फाइलला हात शेल लावतं म्हणून दार बंद. उपाय: एको २, मग उभी रेघ, मग सुडो टी (आलेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) आणि फाइलचा पत्ता. आता फाइल उघडणारा टी, आणि त्याच्याकडे अधिकार आहेत.

अक्षरवेडी
चाललं!!! एफ२ दाबलं आणि सेल उघडला. टिंबटिंब, कंसात, तुम्हा दोघांना मनापासून धन्यवाद. आठ दिवसांनी बोटं मोकळी झाली.

शेषनाग
एवढं कशाला? एक्समॉडमॅपने बटणं फिरवली असती तर दोन ओळींत काम झालं असतं. मी तेच करत आलोय.

टिंबटिंब
शेषनाग, ते एक्स११ वर (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी व्यवस्था) चालायचं, आणि तिथेही ड्रायव्हरने आधीच उलटवलेलं आपण पुन्हा उलटवत बसायचं. आता बहुतेक मोठ्या डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा अशी लिनक्सची रूपं) वेलँडवर, म्हणजे तिच्या नव्या पर्यायावर, गेल्यात. तिथे एक्समॉडमॅप फार तर एक्सच्या सोबतीने चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामपुरता उरतो. शिवाय लॉगिनच्या पडद्यावर किंवा साध्या कन्सोलवर (नुसत्या अक्षरांचा पडदा) त्याचा काही उपयोग नाही. ड्रायव्हरमधला बदल या सगळ्यांच्या खाली बसतो.

शेषनाग
वेलँडचं मान्य. मी अजून एक्स११ वरच आहे, म्हणून ठेच लागली नव्हती.

अक्षरवेडी
मंडळी, आनंद रात्रीपुरताच टिकला. आज सकाळी मशीन चालू केलं तर फाइलमध्ये पुन्हा १!

टिंबटिंब
हो, हे कालच सांगायला हवं होतं. सिसमधल्या फाइली डिस्कवर नसतात. चालत्या कर्नलच्या आत डोकावायच्या त्या खिडक्या. मशीन बंद झालं की सगळं पुसलं जातं.

कायमसाठी: ईटीसी या फोल्डरात मॉडप्रोब टिंब डी नावाचं फोल्डर असतं. त्यात एचआयडी अंडरस्कोर ॲपल टिंब कॉन्फ अशी फाइल करा. आत एकच ओळ: ऑप्शन्स, एचआयडी अंडरस्कोर ॲपल, एफएनमोड बरोबर २. (बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका.)

आणि इथेच बरेच जण थांबतात, मग "केलं पण चालत नाही" म्हणून नवा धागा काढतात. मूळ डिस्क जोडली जाण्याआधी लिनक्स एक छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था मेमरीत उघडतं, इनिट-रॅम-एफएस. कीबोर्डचे ड्रायव्हर अनेकदा तिथेच चढतात, कारण डिस्कला कूटशब्द असेल तर तो टाइप करायला कीबोर्ड तेव्हाच लागतो. तिथे तुमची नवी फाइल पोचलेली नसेल तर ड्रायव्हर जुन्याच आकड्याने चढतो. म्हणून ती व्यवस्था पुन्हा बांधायची: डेबियन-उबुंटूवर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस आणि वजा यू. फेडोरावर ड्रॅकट, सोबत फोर्स. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ आणि मोठा पी. मग मशीन पुन्हा चालू करा.

रातकिडा
यात भर. काही कर्नलमध्ये हा ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल नसून कर्नलच्या पोटातच बांधलेला असतो. मग मॉडप्रोबची फाइल कुणी वाचतच नाही. तेव्हा ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीत एचआयडी अंडरस्कोर ॲपल टिंब एफएनमोड बरोबर २ असं जोडावं लागतं. तो मार्ग दोन्ही वेळी चालतो.

पानगळ
वेगळा प्रश्न, पण इथेच विचारते. लॅपटॉपवर माझी बाकी सगळी बटणं नीट आहेत, फक्त एफ१२ च्या जागी भलतंच काहीतरी येतं. बायोसमध्ये काही सापडलं नाही. एकच बटण बदलता येतं का?

टिंबटिंब
येतं. त्यासाठी यूडेव्हचा (लिनक्समधली उपकरणं सांभाळणारी व्यवस्था) हार्डवेअर-कोश आहे. ईव्हीटेस्टमध्ये ते बटण दाबल्यावर "एमएससी स्कॅन" असं लिहिलेली ओळ येते, तिच्यातला आकडा टिपून घ्या. मग ईटीसीत यूडेव्ह, त्यात एचडब्ल्यूडीबी टिंब डी, तिथे एचडब्ल्यूडीबीने संपणारी फाइल करा. पहिल्या ओळीत तुमच्या कीबोर्डची ओळख, दुसरीत कीबोर्ड अंडरस्कोर की अंडरस्कोर, त्याला लागून तो स्कॅनचा आकडा, बरोबर एफ१२. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा लागतेच. ती राहिली की काहीच होत नाही आणि आपण तासभर आकडे तपासत बसतो. शेवटी सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, आणि यूडेव्हएडीएम ट्रिगर. हा बदल मशीन बंद केल्यावरही टिकतो.

जुनीगाठ
अक्षरवेडींच्या ईव्हीटेस्टमध्ये एफ२ चा कोड ६० बघून जुने दिवस आठवले. एफ१ चा ५९, तिथून ओळीने एफ१० चा ६८. मग एफ११ चा ६९ असायला हवा ना? नाही, तो ८७, आणि एफ१२ चा ८८. मधे न्यूमलॉक, स्क्रोललॉक आणि आकड्यांचा सगळा उजवा गट घुसलाय.

कारण आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीला फंक्शनची बटणं दहाच होती, आणि तीही डाव्या हाताशी दोन उभ्या रांगांत, वर नव्हे. एफ११ आणि एफ१२ मागाहून, १०१ बटणांच्या कीबोर्डसोबत आले, तेव्हाच सगळी रांग वर सरकली. तोवर मधले आकडे दिले गेले होते. उशिरा आलेल्या पाहुण्यांना पंगतीच्या टोकाला बसवावं तसे हे दोघे. लिनक्सने ते आकडे आजही सांभाळलेत. एफ१३ ते एफ२४ तर आणखी लांब, १८३ ते १९४.

डावीकडची ती दोन रांगांची मांडणी मी वापरलीय. अंगठा आणि करंगळी न ताणता सगळं हाताखाली यायचं. मला आजही तीच जास्त माणुसकीची वाटते.

कंसात
जुनीगाठ, सुंदर माहिती! यातलीच आणखी एक गाठ: एक्स११ मध्ये बटणाच्या कोडला फक्त २५५ पर्यंत जागा, आणि तो कर्नलच्या कोडपेक्षा ८ ने जास्त धरतो. म्हणजे २४७ च्या पुढचं बटण एक्स११ ला दिसतच नाही. माइक बंद करायच्या बटणाचा कर्नलमधला कोड २४८! एकाने हुकलं. म्हणून यूडेव्हच्या कोशात ते बटण एफ२० म्हणून नोंदवून आत घेतात आणि पुढे एफ२० चा अर्थ "माइक बंद" असा लावतात. कुणी हौसेने एफ२० ला स्वतःचा शॉर्टकट लावला आणि बैठकीत माइक जात राहिला, तर कारण हे.

शेषनाग
अरे देवा. दोन महिने मी माइक बिघडला समजत होतो.

उजवाहात
मला या धाग्यावर थोडं गंभीर बोलायचंय. माझा डावा हात एका आजारपणानंतर नीट चालत नाही. एफएन डावीकडे तळाला आणि एफ१२ उजवीकडे वरच्या कोपऱ्यात. एका हाताने ते दोन्ही धरणं मला शक्य नाही. मंद्रसप्तक, सवय करून बघा असं तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण काहींसाठी हा सवयीचा प्रश्नच नसतो.

डेस्कटॉपमध्ये स्टिकी कीज आहेत: शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट एकेक करून दाबले तरी चालतात. पण टिंबटिंब यांनी वर लिहिलंय तसं, लॅपटॉपचं एफएन लिनक्सपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे स्टिकी कीजला ते धरताच येत नाही. हे कळायला मला फार वेळ लागला. सेटिंग चालू, शिफ्ट चिकटतंय, एफएन काही चिकटत नाही.

शेवटी मी कीडी नावाचा प्रोग्राम बसवला. तो डेस्कटॉपच्या खाली, थेट कर्नलच्या पातळीवर बटणं पकडतो, म्हणून वेलँड असो, एक्स असो की साधं कन्सोल, सगळीकडे चालतो. त्यात कॅप्सलॉकला एका वेगळ्या थराची किल्ली केलीय, वनशॉट प्रकारची. एकदा दाबून सोडलं की पुढच्या एकाच बटणापुरता तो थर चालू राहतो. त्या थरात आकड्यांची बटणं म्हणजे एफची बटणं. कॅप्सलॉक, सोडा, मग ५: एफ५ झालं. एका हाताने, एका बोटाने. ज्यांना गरज असेल त्यांना माझी फाइल समजावून द्यायला मी तयार आहे, नक्की विचारा.

मंद्रसप्तक
उजवाहात, खरंच लक्षात आलं नव्हतं. माझ्या सोयीवरून सगळ्यांचं ठरवलं, ते चुकलं. लिहिलंत ते बरं केलंत.

पानगळ
उजवाहात, मला ती फाइल हवी आहे. आईसाठी. संधिवाताने तिची बोटं वळतात आणि दोन बटणं एकदम दाबताना तिला फार त्रास होतो. वनशॉट हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

उजवाहात
पानगळ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. एक गोष्ट सगळ्यांसाठी: कीडीच्या फाइलमध्ये चूक झाली आणि कीबोर्ड ऐकेनासा झाला, तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर तिन्ही एकदम दाबा. कीडी तत्काळ बंद पडतो आणि मूळ कीबोर्ड परत मिळतो. मी हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. मला दोन हातांचं काम एका हाताने साधायला जरा कसरत होते, पण जमतं. आईंच्या शेजारी पहिल्या दिवशी कुणीतरी असू द्या.

रातकिडा
ज्यांच्याकडे लॉजिटेकचे बिनतारी कीबोर्ड आहेत त्यांच्यासाठी: सोलार नावाच्या प्रोग्राममध्ये एफची बटणं अदलाबदल करायची खूण असते, तुमच्या मॉडेलला सोय असेल तर ती दिसेल. आणि लेनोव्होच्या आयडियापॅडवर कर्नल स्वतःच एफएन-लॉक नावाची एक फाइल सिसमध्ये देतो, तिच्यात ० किंवा १ लिहायचं. बायोसमध्ये जायची गरज नाही.

मंद्रसप्तक
पुन्हा आलो, कारण काल रात्री या धाग्याची आठवण झाली. मोठं काम चालू असताना पडदा गोठला. माऊस हलेना. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायचं आणि अडकलेला प्रोग्राम मारायचा, हे मला माहीत होतं. दहा वेळा दाबलं, काही नाही. वाटलं सगळंच मेलं, पॉवरच्या बटणावर बोट नेलं. आणि मग डोक्यात आलं, माझ्या कीबोर्डवर नुसतं एफ३ म्हणजे एफ३ नाहीच! कंट्रोल-ऑल्ट-*एफएन*-एफ३ दाबलं आणि कन्सोल उघडलं. दोन तासांचं ध्वनिमुद्रण वाचलं.

माझी रांग मी तशीच ठेवणार आहे, आवाजाशिवाय माझं चालत नाही. पण जे कुणी माझ्यासारखी ठेवतात त्यांनी हे चार बटणांचं जोड आजच एकदा करून बघा, गोठलेल्या पडद्यासमोर ते सुचत नाही. (परत यायला तेच, एफ१ किंवा एफ२, डिस्ट्रोप्रमाणे.)

कंसात
+१. हा धागा वाचनखुणांत ठेवतोय.

अक्षरवेडी
उशिरा आले, माफ करा. मॉडप्रोबची फाइल केली, इनिट-रॅम-एफएस पुन्हा बांधलं, तीनदा मशीन बंद-चालू केलं. दर वेळी २! वायरने लावा नाहीतर ब्लूटूथने, दोन्हीकडे एफ२ म्हणजे एफ२. उजेड लागला तर एफएन आहेच.

उजवाहात यांचं वाचून आणखी एक केलं. ऑफिसातली एक सहकारी माझ्यासारखाच कीबोर्ड वापरते आणि तिचं मनगट दुखतं हे मला माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. काल तिच्या मशीनवर ईव्हीटेस्ट चालवलं. तिच्याकडे फाइलमध्ये ३ आहे आणि तरीही एफ२ ला उजेडच येतो. म्हणजे ड्रायव्हरने तिचा कीबोर्ड खरा ॲपलचा समजला का?

टिंबटिंब
बरोबर ओळखलंत. ३ वर ड्रायव्हर कीबोर्डचं नाव आपल्याकडच्या एका यादीशी ताडून बघतो. त्या यादीत असला तर एफची बटणं आधी, नसला तर ॲपलचा समजून आवाज-उजेड आधी. तिचं नाव यादीत नसणार. तिथेही ३ च्या जागी २ लिहा, बाकी सगळं तुमच्यासारखंच. आणि तिचा कीबोर्ड डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) नेमक्या कोणत्या नावाने उमटतो ते इथे टाका. कर्नलच्या त्या यादीत नवं नाव घालायचा पॅच म्हणजे एका ओळीची भर असते. मी पाठवून बघतो.

अक्षरवेडी
उद्या सकाळी तिच्याकडून घेऊन टाकते.